शिशाच्या गोळीला सुरकुत्या का पडतात?

खारदांड्याला कुणी पाग दुरुस्त करत बसलेलं दिसलं, तर जाळ्याच्या काठाच्या शिशाच्या गोळ्या बघा. त्यांच्याच वजनाने पाग झटकन तळाला जातो. गोळी खरखरीत असेल तर धागा अडकतो, घासून तुटतो. म्हणजे फिनिशिंग नुसतं दिसण्यापुरतं नाही.

शिसं 327 अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून घरच्या शेगडीवरही ते जमतं. साचा थंड असेल तर शिसं पूर्ण भरायच्या आतच गोठतं. याच त्या सुरकुत्या. पहिल्या दोन-चार गोळ्या परत भांड्यात टाकायच्या, साचा तापला की काम सरळ. गोळी पांढुरकी, दाणेदार निघाली? ताप जास्त झालाय. खड्डे पडले तर बहुतेक वरची मळी काढलेली नाही. आणि साच्यात पाण्याचा थेंब राहिला तर त्याची वाफ होऊन वितळलेलं शिसं अंगावर उडतं.

पण गोळी चकचकीत निघाली तरी खरी भानगड संपत नाही. शिशाची धूळ हातावरून पोटात जाते, लहान मुलांच्या मेंदूला सगळ्यात जास्त इजा करते. शिशाची सुरक्षित पातळीच माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून स्वयंपाकघर बाद! काम मोकळ्या हवेत, भांडं वेगळं, मुलं लांब, आणि साबणाने हात धुतल्याशिवाय वडापाव नाही. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढायचा जुगाड तर अजिबातच नको.