पेंड कोणाची : म्हशीची की मातीची?

बाजरीच्या भाकरीची गोडी मराठवाड्यातील माणसाला सांगावी लागत नाही. आपल्याच शहरातील राष्ट्रीय कृषी संशोधन प्रकल्पाने अधिक लोह असलेले ‘एएचबी १२००’ हे संकरित वाण दिले आहे. परंतु वाण कितीही उत्तम असले तरी जमिनीच्या पोटात काही हवेच. रासायनिक खताशिवाय ते कसे पुरवावे, याचा हिशेब येथे मांडतो.

मध्यम जमिनीत बाजरीला एकरी सुमारे २४ किलो नत्र लागते. चांगल्या कंपोस्टमध्ये नत्र शेकडा अर्धा ते एक भाग असते. म्हणजे २ टन कंपोस्टातून १० ते २० किलो मिळते. पण ते सावकाश सुटते, आणि पहिल्या हंगामात त्यातील थोडेच पिकाच्या वाट्याला येते. बाजरी तर ८०-९० दिवसांत कापणीला येते! ही घाई पेंड भागविते. पेंड काही आठवड्यांतच कुजते. शेंगदाण्याच्या पेंडीत नत्र शेकडा ७ च्या आसपास, तर निंबोळी पेंडीत ५ च्या आसपास असते.

मग शेंगदाण्याची पेंड शेतात टाकावी काय? माझ्या मते नाही. ती म्हशीला घालावी. दूध तर मिळतेच, शिवाय खाल्लेल्या नत्राचा मोठा भाग शेणामुतातून परत येतो. मात्र मूत्र वाया जाता कामा नये. गोठ्यात सरमाडाची चघळ पसरून ते जिरवावे आणि ती चघळ खड्ड्यात टाकावी. निंबोळी व एरंडीची पेंड थेट मातीची. एरंडीची पेंड तर विषारी असते. ती जनावरांपासून दूरच ठेवावी.

शेण कमी असणाऱ्यांसाठी पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांची ‘नाडेप’ पद्धत मोलाची आहे. १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच असे भोके ठेवलेले विटांचे टाके बांधून त्यात काडीकचरा, माती व पाणी यांचे थर देतात. सुमारे १०० किलो शेण पुरते आणि तीन-चार महिन्यांत खत तयार होते. कच्चे सरमाड मात्र थेट शेतात गाडू नये. ते कुजविताना जिवाणू जमिनीतलेच नत्र ओढून घेतात व पीक पिवळे पडते.

कंपोस्ट शेवटच्या कुळवाच्या पाळीपूर्वी पसरावे. पेंडीचा भुगा पेरणीपूर्वी मातीत मिसळावा, बियाण्याला चिकटून देऊ नये.

तरीही १०० किलो निंबोळी पेंडीतून ५ किलोच नत्र मिळते. उरलेल्या तुटीसाठी बाजरीच्या दोन ओळींनंतर तुरीची एक ओळ घ्यावी. तिच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र धरतात आणि तिचा पालापाचोळा पुढच्या पिकाला उपयोगी पडतो.

सेंद्रिय शेती म्हणजे खत न घालणे नव्हे. कणसांबरोबर जे नेले, ते परत करण्याची ती शिस्त आहे. परतफेड न करता पिकविलेली बाजरी ‘सेंद्रिय’ म्हणून विकली, तरी तिची किंमत जमीनच मोजते.