विश्लेषण : एका केसाने मोठ्या कार्पची मासेमारी कशी बदलली?

उकडलेल्या पिठाची कडक गोळी आणि तिच्याबाहेर उघडा राहणारा गळ. इंग्लंडमध्ये मोठे कार्प पकडण्याचे तंत्र या दोन गोष्टींवर उभे आहे. ते नेमके चालते कसे?

१३ सप्टेंबर १९५२ रोजी रिचर्ड वॉकर यांनी इंग्लंडमधील रेडमायर तलावात ४४ पौंडांचा, म्हणजे सुमारे २० किलोंचा कार्प पकडला. इतका मोठा कार्प गळाला लागणे जवळपास अशक्य, असे तोवर मानले जाई. ‘क्लॅरिसा’ या नावाने प्रसिद्ध झालेला हा मासा पुढे लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १९७१ पर्यंत जगला. आज तिथे २० किलोंच्या माशाची बातमी होईलच असे नाही. माशांची पैदास आणि खाद्य हे त्याचे मोठे कारण आहेच, पण गळाची बांधणीही तितकीच बदलली.

कार्प चकवा कसा देतो?

कार्पच्या जबड्यात दात नसतात. दाढांसारखे दात असतात ते घशात. तळाचे अन्न तो पाण्यासकट ओढून घेतो, तोंडात चाचपतो आणि संशय आला की फुंकून टाकतो. ओठांवर आणि मिशांच्या दोन जोड्यांवर चव ओळखणाऱ्या पेशी असतात. गळ आमिषात खुपसलेला असेल तर टोक झाकले जाते आणि गोळी गळासकट बाहेर पडते. काठावर बसलेल्याला मासा येऊन गेल्याचा पत्ताही लागत नाही.

हेअर रिग म्हणजे काय?

लेनी मिडलटन आणि केव्हिन मॅडॉक्स यांनी १९८०च्या सुमारास यावर उपाय काढला. आमिष गळावर लावायचेच नाही, गळाला बांधलेल्या केसावर ओवायचे. सुरुवातीला हा खरोखरच माणसाचा केस होता, आता बारीक दोरा वापरतात. मासा गोळी ओढतो तेव्हा रिकामा गळही मागोमाग तोंडात जातो. गोळी फुंकताना गळाचे टोक वळते आणि खालच्या ओठात रुततो. त्यात जड शिशाची भर. टोचल्यावर मासा पळतो आणि सुमारे ८५ ते ११० ग्रॅमच्या वजनाला हिसका बसून गळ पक्का होतो. म्हणजे मासा स्वतःच स्वतःला अडकवून घेतो. ‘गळाला लागणे’ हा आपला वाक्प्रचार इथे अगदी शब्दशः खरा ठरतो.

बॉयली का उकडतात?

कणकेच्या गोळीवर मासे धरणाऱ्यांना एक अडचण ठाऊक असते : मोठा मासा येईपर्यंत बारके मासे पीठ कुरतडून संपवतात. बॉयली हे त्यावरचे उत्तर. रवा, सोयाचे पीठ, माशांची भुकटी किंवा दुधातील प्रथिने अंड्यांत मळून गोळ्या करतात आणि एक-दोन मिनिटे उकळतात. वरचे आवरण घट्ट होते, गोळी तासन्‌तास टिकते. मोठ्या तोंडाचा मासाच ती घेऊ शकतो. फ्रेड विल्टन यांनी या आमिषांत प्रथिनांवर भर दिला : अन्न पोषक आहे हे माशाला कळते आणि तो पुन्हा येतो, असा त्यांचा विचार होता. पाणी थंड झाले की पचन मंदावते, म्हणून हिवाळ्यात तेलकट गोळ्या टाळून थोडेच आमिष टाकतात.

तळ पाहूनच बांधणी

टणक, खडकाळ तळावर बुडणारी साधी बॉयली चालते. मऊ चिखलात शिसे रुतते आणि आखूड दोरी असेल तर आमिषही गाडले जाते. तिथे लांब दोरी आणि तरंगणारी गोळी वापरतात. शेवाळात आमिष विरघळणाऱ्या पिशवीत घालून फेकतात. महागड्या गोळ्यांपेक्षा तळ ओळखणे महत्त्वाचे, पण जाहिराती मात्र गोळ्यांच्याच असतात.

मासा जगतो का?

इंग्लंडमध्ये मोठे कार्प पकडून वजन केले जातात आणि परत सोडले जातात. २००९ मध्ये मेलेली ‘बेन्सन’ ही सुमारे २९ किलोंची मादी ६०हून अधिक वेळा पकडली गेल्याचे तेव्हा सांगितले गेले. तिच्या मृत्यूमागे कच्चे टायगर नट असावेत, असा संशय व्यक्त झाला होता. संशय खरा असो वा नसो, असे कडक दाणे रात्रभर भिजवून नीट शिजवल्याशिवाय टाकू नयेत, हा नियम तिथे पाळला जातो.

दोरी तुटली तर शिसे आपोआप सुटले पाहिजे. ते सुटले नाही तर मासा वजन ओढत फिरतो आणि शेवाळात अडकून मरतो. म्हणून अनेक तलावांवर पक्के बांधलेले शिसे चालत नाही. बिनकाट्याचा गळ, ओली गादी आणि मोठी जाळी यांचाही आग्रह असतो.

आपल्याकडे काय?

रोहू, मृगळ, कटला आणि ‘सायप्रिनस’ नावाने ओळखला जाणारा कॉमन कार्प, सगळे याच कुळातले. मात्र कटला मुख्यतः वरच्या थरात खातो, त्यामुळे तळावरची बॉयली त्याच्यासाठी फारशी उपयोगाची नाही. सायप्रिनस आणि मृगळ तळाशी चरतात, त्यांच्यावर हेअर रिग आजमावता येते. राज्यातील अनेक तलाव मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. गळ टाकण्यापूर्वी त्या संस्थेची परवानगी घ्यावी लागते.