सामाईक लॅपटॉप व कळफलकाची पाळी

धंतोलीसारख्या शहरी वस्तीतील शाळेत एका लॅपटॉपभोवती चार विद्यार्थी बसविले, तर यंत्र सर्वांचे व कळफलक एकाचा, अशी स्थिती होते. रायगड जिल्ह्यातील खैरात येथे २००७ साली प्रत्येक मुलास स्वतंत्र लॅपटॉप देण्यात आला; तो मार्ग अर्थातच खर्चाचा. तत्पूर्वी, २००६ साली, बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट संशोधनशाळेतील केंटारो टोयामा व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच संगणकास अनेक माऊस जोडण्याची युक्ती मांडली. युक्ती चतुर खरी. परंतु तिने लेखनाचा प्रश्न सुटत नाही. इन्स्क्रिप्ट पद्धतीत ‘स्त’ उमटविण्यास स, हलन्त व त अशा तीन कळा दाबाव्या लागतात. नवशिका तेथे अडखळला, की शेजारचा चलाख मुलगा कळफलक ओढून घेतो; आणि पूर्ण झालेल्या मजकुरावरून शिक्षकास याचा पत्ताही लागत नाही. म्हणून पाळी मिनिटांवर न मोजता परिच्छेदावर मोजावी, असे आम्हांस वाटते.