फुकट वांटलेली संगणकभाषा

१९७५ सालीं अमेरिकेंत, घरीं जुळवावयाचा अल्टेअर संगणक निघाला; पण त्यास आज्ञा देण्याच्या बेसिक भाषेचें मोल निराळें पडे. हौशी लोक ती फुकट उतरून घेत. १९७६ च्या फेब्रुवारींत बिल गेट्स यांनीं अनावृत पत्रांत त्यांस चोर ठरविलें. त्यांचा रोष रास्तच. परंतु जें दान दिलें तें चोरणार कोण? त्याच वर्षीं ली-चेन वांग यांनीं सुमारें दोन हजार बाइटांत बसणारी आपली छोटी बेसिक ‘डॉ. डॉब्स जर्नल’मध्यें समग्र छापून दिली. पुस्तकांवर ‘सर्व हक्क स्वाधीन’ छापतात. यांनीं ‘कॉपीलेफ्ट, ऑल राँग्ज रिझर्व्ड’ अशी थट्टा केली! ती यंत्रांत भरून, चालवून पाहून वाचकांनींच दोष काढावयाचे. रॉजर राउस्कोल्ब यांनीं सुधारलेली आवृत्ति डिसेंबरांत दुसऱ्या मासिकांत आली. तिच्यावरही तीच थट्टा कायम होती.