सांभाळणाऱ्या पेशी, झिजणारं पटल

डोळ्याच्या पडद्यामागे, रेटिनाला लागूनच, काळसर रंगद्रव्याने भरलेल्या पेशींचा अवघा एक थर असतो. त्यांची मेहनत थक्क करणारी आहे. प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशींच्या टोकाचा साधारण दहावा हिस्सा रोज गळतो, आणि या काळ्या पेशी तो गिळून पचवतात. १९६९ मध्ये रिचर्ड यंग आणि डीन बोक यांनी बेडकाच्या डोळ्यात हे दाखवून दिलं. माणसाच्या मोठेपणी या पेशी सहसा विभागत नाहीत. साठ-सत्तर वर्षं रोजचं हे गिळणं त्याच पेशी करत राहतात!

त्या उभ्या असतात ब्रुकच्या पटलावर. १८४४ मध्ये कार्ल ब्रुक या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञाने त्याचं वर्णन केलं. जाडी जेमतेम दोन ते चार मायक्रॉन; कोलॅजेनच्या थरांमध्ये लवचीक इलास्टिनची जाळी. पलीकडच्या रक्तवाहिन्यांकडून येणारं अन्न आणि इकडून जाणारा कचरा, दोन्ही यातूनच झिरपतं.

मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते असं, की या पटलाच्या बिघाडात त्याच्यावर जगणाऱ्या पेशींचाच मोठा वाटा असतो. काळ्या पेशी चरबीने भरलेले कण पटलाकडे सोडतात. तरुणपणी ते रक्तात निघून जातात. वय वाढलं की जाळीत अडकतात. मग पाण्याचीही वाट अडते आणि पेशींच्या तळाशी ड्रुसेन नावाचे पिवळसर साठे जमतात.

पटलाची डागडुजीही याच पेशींकडे असते. जुने धागे कापणारी विकरं त्या बनवतात आणि त्यांना आवर घालणारं टिम्प-३ हे प्रथिनसुद्धा. टिम्प-३ च्या जनुकात दोष असला, तर सॉर्सबीच्या आनुवंशिक आजारात पटल जाड होत जातं आणि ऐन मध्यमवयात नजर जाऊ शकते. शिवाय साठे साफ करायला रक्तातून भक्षक पेशी येतात. त्यांच्या विकरांनी पटलाचेही धागे तुटू शकतात.

पटलातली वाट अडल्याने प्राणवायूला मुकलेल्या काळ्या पेशी व्हीईजीएफ हे प्रथिन जास्त सोडू लागतात, म्हणजे नव्या रक्तवाहिन्यांना हाकच मारतात. विरलेल्या पटलातून त्या वाहिन्या आत शिरतात, पाझरतात, आणि दाराची सरळ चौकट वाकडी दिसू लागते. डोळ्यात दिली जाणारी व्हीईजीएफ-विरोधी इंजेक्शनं हीच हाक दाबतात. म्हणून रेषा वाकड्या दिसताच, त्याच आठवड्यात, डोळे तपासून घ्यावेत.