विरोधी बाकावरचा हिशेब

मुंबई महापालिकेचा अर्थसंकल्प मांडतात आयुक्त, म्हणजे सरकारने पाठवलेला अधिकारी; आणि तो मंजूर करायचा असतो नगरसेवकांनी, म्हणजे ज्यांच्या खिशातून हा पैसा येतो त्यांच्या प्रतिनिधींनी. १८८८ च्या कायद्याने ही घडी घालून दिली आणि ती आजही मोडलेली नाही. फेब्रुवारीच्या सुरुवातीला आकडे स्थायी समितीपुढे येतात, समितीचे अध्यक्ष आपले फेरफार सुचवतात आणि मग सभागृहात भाषणांना ऊत येतो. हा अर्थसंकल्प एक नसतो, त्याचे भाग असतात. ‘अ’ म्हणजे सर्वसाधारण, ‘ई’ म्हणजे शिक्षण, ‘ग’ म्हणजे पाणी आणि मलनिःसारण. हाती आलेल्या जाडजूड पुस्तकातले पहिले पान प्रत्येक नगरसेवक उघडतो ते आपल्या वॉर्डाचे. विरोधी बाकावरचाही तेच करतो, हे कबूल केले पाहिजे. फरक पडायला हवा तो त्यानंतरच्या पानावर.

कारण तरतूद ही फसवी चीज आहे. उद्यानासाठी, दवाखान्यासाठी, समाजकल्याण केंद्रासाठी अमुक कोटी ठेवले, हे सत्ताधाऱ्याला सांगायला पुरते. विरोधकाने बोट ठेवायचे असते ते शेजारच्या रकान्यावर: गेल्या वर्षी ठेवलेल्यांपैकी प्रत्यक्षात खर्च किती झाले? २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार ४२७ कोटींचा होता, म्हणजे गोव्यासारख्या राज्याच्या अर्थसंकल्पाच्या दुपटीहून मोठा. त्यातला सुमारे ५८ टक्के वाटा भांडवली कामांचा, म्हणजे नवे बांधण्याचा. बांधलेले चालवायला माणूस लागतो, रात्रीचा पहारेकरी लागतो, गळके छप्पर दुरुस्त करणारा लागतो. या गोष्टींचे उद्घाटन होत नाही.

ही दृष्टी मुंबईच्या सभागृहात ज्यांनी आणली त्यांत मृणाल गोरे यांचे नाव पुढे येते. वैद्यकीय शिक्षण सोडून समाजवादी चळवळीत आलेल्या मृणालताईंनी गोरेगावात काम सुरू केले, तेव्हा ते गाव मुंबई महापालिकेत नव्हतेच. १९५७ मध्ये महानगराची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत सरकली आणि गोरेगाव पालिकेत आले. पुढच्याच वर्षी केशव गोरे, म्हणजे त्यांचे पती बंडू गोरे, गेले. १९६१ मध्ये त्या पालिकेवर निवडून आल्या.

हद्द वाढवायला एक अधिसूचना पुरते. जलवाहिनी मात्र अधिसूचनेने येत नाही. नव्याने सामावलेल्या उपनगरांनी कर द्यायचा शहराचा आणि रांगेत उभे राहायचे गावातल्यासारखे, अशी ती अवस्था. मृणालताईंनी पाण्याचा प्रश्न असा धरून ठेवला, की गोरेगावकरांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव कायमचे चिकटले. १९७७ मध्ये त्या लोकसभेवर निवडून आल्या आणि इंदिरा गांधी पडल्या, तेव्हा ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’ ही घोषणा मुंबईभर घुमली. घोषणा गमतीची खरी. पण नगरसेवकपदाच्या कामाने मिळालेले नाव दिल्लीपर्यंत सोबत गेल्याची अशी उदाहरणे आपल्याकडे फार नाहीत.

पाण्याची निवड का महत्त्वाची? जमिनीखालच्या नळावर कोणाच्या सौजन्याची पाटी लागत नाही म्हणून. सभागृहात अल्पमतात असलेल्या माणसाजवळ असते काय? उपसूचना, हरकतीचा मुद्दा, सभा तहकुबीची सूचना. बहुमताजवळ याला दोन शब्दांचे उत्तर तयार असते: ‘दफ्तरी दाखल’. पालिकेच्या मराठीतला हा शब्दप्रयोग मला नेहमीच थोर वाटत आला आहे. नाही म्हणायचे नाही, विषय मात्र जिवंत गाडायचा! त्यावर उपाय एकच, सभागृहातला आकडा बाहेरच्या हंडे घेतलेल्या बायकांना समजावून सांगणे आणि त्यांना घेऊन पुन्हा दारात येणे. मृणालताईंच्या मोर्चांमागे हा हिशेब होता, म्हणून ते नुसते आरडाओरड्याचे ठरले नाहीत.

आता पाटी लागते अशा सुविधांकडे वळू. व्यायामशाळा, वाचनालय, बालवाडी, ज्येष्ठांचे विरंगुळा केंद्र. यांची गरज नाही असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहतात तिथे मुलाला अभ्यासाला बसायला अभ्यासिका हीच चैन आणि हीच गरज. प्रश्न असतो तो किल्लीचा. पालिका इमारत बांधते, चालवायला एखाद्या संस्थेला देते आणि बघता बघता ती वास्तू एका मंडळाची, मग एका माणसाची होते. मोकळ्या जागांचे हेच झाले. दत्तक आणि काळजीवाहू तत्त्वावर दिलेल्या काही मैदानांवर क्लब उभे राहिले आणि ज्या पोरांसाठी आरक्षण पडले होते ती कुंपणाबाहेर राहिली. २०१६ च्या जानेवारीत सभागृहाने मोकळ्या जागा खाजगी संस्थांना सांभाळायला देण्याचे धोरण मंजूर केले, तेव्हा एवढा गदारोळ उठला की मुख्यमंत्र्यांना स्थगिती द्यावी लागली. भूखंड सांभाळणाऱ्या संस्थांशी निरनिराळ्या पक्षांच्या पुढाऱ्यांचे नाते होते. अशा वेळी विरोधकाचा आवाज बसलेला असतो, त्याला सर्दीच कारण असते असे नाही.

विरोधी पक्षनेतेपदाची गोष्ट तर आणखी मौजेची. २०१७ च्या निवडणुकीत शिवसेनेला ८४ आणि भाजपला ८२ जागा मिळाल्या. भाजपने महापौरपद लढवले नाही आणि विरोधी पक्षनेतेपदही घेतले नाही; आम्ही पारदर्शकतेचे पहारेकरी, असे जाहीर केले. ते पद ३१ नगरसेवकांच्या काँग्रेसकडे गेले. पुढे राज्यातली समीकरणे बदलली आणि २०२० मध्ये भाजपला तेच पद हवेसे झाले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि दावा फेटाळला गेला. पहारेकरी आणि विरोधक यांत फरक काय, असे कोणी विचारील. पहारेकरी मालकाच्या पगारावर असतो, विरोधकाला मालकाचा हिशेब तपासायचा असतो.

२०२२ च्या मार्चमध्ये त्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढच्या निवडणुकीला २०२६ चा जानेवारी उजाडला. मधल्या काळात आयुक्त हेच प्रशासक. अर्थसंकल्प मांडणारेही तेच, मंजूर करणारेही तेच. नगरसेवक नाहीत म्हटल्यावर वॉर्डातल्या कामांचा निधी आमदारांच्या शिफारशीने द्यायचे ठरले. २०२४ च्या जानेवारीत एका इंग्रजी दैनिकाने कागदपत्रे मिळवून जे छापले ते असे: २०२३ च्या फेब्रुवारी ते डिसेंबर या काळात सत्ताधारी बाजूच्या २१ आमदारांना मिळून सुमारे ५०० कोटी मंजूर झाले. विरोधी १५ आमदारांपैकी ११ जणांनी मागणी केली होती. मिळाले एकालाही नाही.

या आकड्याने आमदार दुखावले, ते सोडा. पण शौचालयाची तुटलेली कडी मतदारयादी बघून तुटत नाही. विरोधी आमदाराच्या मतदारसंघात राहणारा माणूस तीच पाणीपट्टी भरतो. पूर्वीच्या सभागृहात सत्ताधारी विरोधकांच्या प्रभागांना हात आखडूनच देत, त्यात नवे काही नाही. नवे होते ते हे, की उभे राहून ‘का?’ असे इतिवृत्तात नोंदवायला कोणी नव्हते. दफ्तरी दाखल व्हायलासुद्धा आधी सूचना मांडावी लागते.

मृणालताईंच्या पाण्याचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. झोपडी अनधिकृत म्हणून नळ नाही, हा नियम त्यांच्यानंतरही चालत राहिला. पाणी हक्क समितीने उच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा २०१४ च्या डिसेंबरमध्ये न्यायालयाने सांगितले, की २००० नंतरची बेकायदा झोपडी त्यामुळे कायदेशीर ठरणार नाही; पण पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि ते नाकारता येणार नाही. पालिकेचे ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण आले ते २०२२ च्या मे महिन्यात. त्या वेळी सभागृहात एकही नगरसेवक नव्हता, आणि मृणालताईंना जाऊन दहा वर्षे होत आली होती. गोरेगावात त्यांचे नाव दिलेला एक उड्डाणपूल आहे. आयुष्यभर नळ मागणाऱ्या बाईला पालिकेने उड्डाणपूल दिला. त्याला पाटी लावता येते.