पिल्लू बिघडलेलं नाहीये!

रात्रीचे अडीच वाजलेत. सकाळी नऊला व्हायवा आहे. झोपेत तुमचा पाय पांघरुणातून जरासा बाहेर येतो आणि अंगठ्यात एकदम चार सुया घुसतात. तुम्ही किंचाळता, रूममेट धडपडून लाइट लावते आणि जेमतेम अर्ध्या किलोचा एक प्राणी कपाटाखाली पसार होतो. पाच मिनिटं शांतता. मग परत अंगठा.

आठवड्यापूर्वी हेच पिल्लू पार्किंगमध्ये बाइकखाली भिजून कुडकुडत होतं. तुम्ही जॅकेटमध्ये गुंडाळून वर आणलंत, स्टोरी टाकलीत, हार्टचा पाऊस पडला. आणि आता कॉलेजच्या ग्रुपवर मेसेज टाइप होतोय, "हिला कुणी घेईल का? गोड आहे, पण खूप चावते."

हा मेसेज तुमच्याही ग्रुपवर कधी ना कधी आलाच असेल. मी तर तो स्वतः टाकलाय. सेकंड इयरला आम्ही चौघी पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचो, तेव्हा चिकू नावाचा उपद्व्याप आमच्याकडे आला. तीन आठवड्यांत आमचे हात असे झाले होते, की जणू काट्याकुट्यांतून करवंदं तोडून आलोय. ग्रुपवर कुणीच "हो" म्हणालं नाही. मग एकीने सुचवलं, मासळी बाजारात सोडून येऊ, तिथे खायला मिळेल, जगेल. आम्ही रिक्षा ठरवेपर्यंत मजल गेली होती. त्याआधी निदान लस तरी देऊ म्हणून डॉक्टरांकडे नेलं आणि तिथेच सगळं फिरलं.

डॉक्टरांनी तिला काट्यावर ठेवलं, तोंड उघडून दात बघितले आणि विचारलं, "आणली तेव्हा किती दिवसांची होती?" आम्ही एकमेकींकडे बघत बसलो. हा प्रश्न आम्हाला पडलाच नव्हता.

तुम्हीही हा प्रश्न आधी विचारा, कारण बाकीचं सगळं त्यावर ठरतं. डोळे साधारण दुसऱ्या आठवड्याच्या आसपास पूर्ण उघडतात. पुढचे बारीक दात दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दिसायला लागतात, सुळे त्यानंतर. सगळ्या पिल्लांचे डोळे सुरुवातीला निळे असतात, तो रंग सहा-सात आठवड्यांच्या सुमारास बदलू लागतो. आणि वजनाचा ढोबळ हिशोब म्हणजे आठवड्याला १०० ग्रॅम. ४०० ग्रॅमचं पिल्लू साधारण चार आठवड्यांचं. उपाशी राहिलेलं असेल तर वजन फसवतं, म्हणून दात बघायचे. चिकू आमच्याकडे आली तेव्हा जेमतेम चार आठवड्यांची असणार, असं डॉक्टर म्हणाल्या. म्हणजे आम्ही ज्याला "आगाऊ मांजर" समजत होतो, ते अंगावरचं दूधही न सुटलेलं बाळ होतं.

आता गंमत अशी, की मांजराला चावायला कुणी शिकवत नाही. त्याला शिकावं लागतं ते किती जोरात चावायचं नाही, हे. आणि हा क्लास भरतो आईपाशी आणि भावंडांमध्ये, चौथ्या आठवड्यापासून पुढे. चार पिल्लं एकमेकांवर तुटून पडतात. एकाने जरा जास्तच दात लावले, की दुसरं किंचाळतं आणि खेळ सोडून निघून जातं, नाहीतर उलटून तेवढ्याच जोरात चावतं. आईची शेपटी जास्त ओढली तर एक चापट बसते आणि ती उठून चालती होते. दिवसातून पन्नास वेळा हे झालं, की पिल्लाला कळतं, जोरात चावलं की मजा संपते. बास, एवढाच अभ्यासक्रम आहे. पण चार आठवड्यांच्या पिल्लाला तुम्ही उचलून आणलंत, तर त्याचा हा पूर्ण क्लास बुडतो.

फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये साडेपाच हजारांहून जास्त मांजरांची माहिती तपासली होती. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेल्या मांजरांमध्ये आक्रमकपणा जास्त आढळला. पिल्लू चौदा आठवड्यांपर्यंत आईपाशी राहिलेलं बरं, असा त्यांचा सल्ला आहे. ही माहिती मालकांनी प्रश्नावलीत भरून दिलेली होती, म्हणजे मांजरांची बाजू कुणी ऐकली नाही, हे आहेच. पण आमच्या फ्लॅटमधला अनुभव त्याच्याशी तंतोतंत जुळत होता.

आणि क्लास बुडाल्यावर आम्ही चौघींनी काय केलं, तर उलटा क्लास घेतला. पहिले पाच-सहा दिवस आम्ही तिच्यासमोर बोटं नाचवायचो. ती झेप घेऊन बोट धरायची, आम्ही हसायचो, रील काढायचो. तिचे दात तेव्हा गुदगुल्या करायचे. दोन आठवड्यांनी तेच दात रक्त काढायला लागले, तेव्हा आम्ही तिच्या नाकावर टिचकी मारली, बाथरूममध्ये कोंडलं, एकीने कुंड्यांचा पाण्याचा फवारा आणला. आता तिच्या जागी बसून विचार करा. काल ज्या हाताशी खेळलं की सगळे खूश होते, तो आज मारतोय. कधी मारेल, कधी कुरवाळेल, सांगता येत नाही. मग ती हात दिसला की आधीच चावायला लागली. आम्ही म्हणालो, बिघडली.

यातली वाईट गोष्ट वेळेची आहे. माणसांशी मैत्री करायची की त्यांना घाबरायचं, हे मांजर फार लवकर ठरवतं, साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात. तेवढ्या दिवसांत वेगवेगळ्या माणसांनी अलगद हाताळलेलं पिल्लू पुढे माणसाळतं. आमच्या टिचक्या नेमक्या त्याच दिवसांत पडल्या होत्या.

मग करायचं काय? चावलं, की हात जागच्या जागी थांबवायचा. मागे ओढायचा नाही! हे सगळ्यात कठीण आहे, कारण आपण झटका देतोच. पण पळणारी वस्तू म्हणजे शिकार, हे पिल्लाच्या अंगात आहे. तुम्ही हात ओढलात की ते आणखी घट्ट धरणार, शिवाय ओरखडा लांबलचक उठणार. हात लाकडासारखा स्थिर ठेवला, की त्यातली मजा जाते आणि पकड सुटते. मग काही न बोलता उठायचं आणि अर्धा मिनिट दुसऱ्या खोलीत जायचं. तुम्ही जायचं, त्याला कोंडायचं नाही. परत आलात की खेळ सुरू, पण हाताने नाही. काठीला बांधलेली चिंधी, जुन्या सॉक्समध्ये कोंबलेला सॉक्स, कागदाचा बोळा, काहीही चालेल. हात फक्त कुरवाळायला आणि खायला द्यायला. फक्त काठीची दोरी खेळ झाल्यावर उचलून कपाटात ठेवा. दोरा, रबरबँड, लोकर पिल्लं गिळतात आणि मग थेट ऑपरेशनच करावं लागू शकतं.

हे चार दिवसांत जमत नाही. आणि घरातल्या प्रत्येकाने पाळलं नाही तर अजिबातच जमत नाही. आमच्याकडे वीकेंडला येणारा एक मित्र होता, त्याला चिकूशी कुस्ती खेळायची हौस. तो रविवारी आला की आमचा सोमवार ते शनिवार पाण्यात. शेवटी त्याला दारातच काठी हातात द्यायला लागलो.

रात्रीच्या धिंगाण्याचं कारण वेगळं आहे. मांजर मुळात पहाटे आणि तिन्हीसांजेला जागं होणारं जनावर. तुम्ही दिवसभर कॉलेजात, ते दिवसभर झोपलेलं. तुम्ही लाइट बंद करता तेव्हा त्याची बॅटरी फुल. निसर्गात त्याचा क्रम ठरलेला असतो, शिकार, मग खाणं, मग अंग चाटणं, मग झोप. तोच क्रम तुमच्या टाइमटेबलमध्ये बसवा. झोपण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटं चिंधीमागे पळवा, शेवटी ती त्याला पकडू द्या, लगेच दिवसातलं शेवटचं जेवण द्या. पहिल्या दोन रात्री फरक पडणार नाही. आम्हाला साधारण आठवड्याने पडला. आणि तीन वाजता ते कानाशी ओरडलं म्हणून उठून खाऊ दिलात, तर रोज तीनचा अलार्म तुम्हीच लावलात असं समजा. पण अगदी लहान पिल्लू, पहिल्या काही रात्री रडत असेल, तर त्याला नाटक म्हणू नका. त्याला आई आणि ऊब हवी आहे. बाटलीत कोमट पाणी भरून ती जुन्या टी-शर्टमध्ये गुंडाळून त्याच्याजवळ ठेवा. ओढणी चोखत बसलं तर चोखू द्या, फक्त कापडाचे तुकडे पोटात जात नाहीत ना, तेवढं बघा.

गादीवर शू केली? तेही सूड वगैरे नाही. तीन आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला स्वतःहून शी-शू करताच येत नाही, आई चाटून करवते. तुम्हाला ते कोमट ओल्या कापसाने हलक्या हाताने पुसून करवावं लागतं. त्यानंतरचं पिल्लू शिकतं, पण त्याचा ट्रे उंच असेल, लांबच्या खोलीत असेल, तर वाटेतच होणार. मिठाईच्या मोठ्या खोक्याचं झाकण घ्या, त्यात वाळू किंवा फाडलेली रद्दी घाला आणि प्रत्येक जेवणानंतर, प्रत्येक झोपेनंतर त्याला तिथे नेऊन ठेवा. बाजारात मिळणारी, ओली झाली की गोळा होणारी लिटर इतक्या लहान वयात नको, पिल्लं ती खातात. त्याचं नाक शूमध्ये घासायचा सल्ला कुणी दिला तर त्या माणसाकडे दुर्लक्ष करा. आणि जागा पुसायला काळं फिनेल वापरू नका, मांजरांना ते विषारी आहे. तसंच पॅरासिटामॉल. ताप वाटतोय म्हणून अर्धी गोळी दिलीत तर पिल्लू मरू शकतं.

खाण्याबद्दल एकच. गाईचं दूध नको. त्याने जुलाब होतात आणि एवढ्याशा जिवाला जुलाब झेपत नाहीत. पिल्लांसाठीची वेगळी दूध पावडर मिळते, चार-पाच आठवड्यांनंतर पिल्लांचं मऊ खाणं सुरू करता येतं. जुलाब, उलटी किंवा खाणं बंद असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर. एरवी खेळकर असलेलं पिल्लू अचानक चिडचिडं झालं, हात लावू देत नसेल, तर त्याला दुखतंय असं धरून चाला.

आणि एक गोष्ट तुमच्यासाठी, त्याच्यासाठी नाही. रस्त्यावरून आणलेल्या पिल्लाने चावून किंवा बोचकारून रक्त काढलं, तर "बेबी आहे, काय होतंय" म्हणू नका. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजच्या इंजेक्शनचं विचारा. आम्ही चौघींनी डोस पूर्ण केले. पिल्लाला स्वतःची रेबीजची लस साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर मिळते, तोपर्यंत जबाबदारी तुमच्या हातांची.

हे सगळं वाचून कदाचित वाटेल, मग उचलायचंच नाही का? खरं सांगायचं तर बऱ्याचदा नाही. एकटं, स्वच्छ, गुबगुबीत पिल्लू दिसलं तर त्याची आई खायला शोधायला गेलेली असते. लांब उभं राहून काही तास वाट बघा, आई आली तर तिच्यासाठी खाणं आणि पाणी ठेवून या. तिच्याहून चांगली शिक्षिका तुम्ही नाही आहात. थंड पडलेलं, जखमी, मुंग्या लागलेलं असेल तर मात्र लगेच उचला. आणि दोन भावंडं सापडली तर दोन्ही आणा, ती एकमेकांना शिकवतात. खर्च दुप्पट होतो, हे मला मान्य आहे. पण मे महिन्याच्या सुट्टीत त्यांना कोण सांभाळणार, हे घरमालकाला विचारायच्या आधी एकमेकांना विचारून घ्या. आमच्याकडे हा प्रश्न एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात उगवला होता.

मासळी बाजाराचं डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्या चिडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "हिला पळायचं कुणापासून ते माहीत नाही, कारण तुम्ही तिला वाटीत खायला दिलंय. तिथले बोके आणि कुत्रे तिला एक रात्र देतील." आम्ही रिक्षा केली ती परत फ्लॅटवर यायला.

बोटांवरचं चावणं सुटायला दोन महिने लागले. हात दिसला की दबकणं सुटायला वर्ष. आता ती माझ्या रूममेटच्या आईकडे सांगलीला असते, चार किलोची झालीय, काकू पूजा करत असताना त्यांच्या मांडीवर घुरघुरत झोपते. पाय मात्र रात्री पांघरुणात घेऊनच झोपावं लागतं.